बेचिराग आणि बेचिराख

संयोजक म्हणजे ज्याचं कुणी ऐकत नाही, पण ज्याला सगळे झाडतात असा माणूस. मी हे काम दोन वर्षं केलं. औरंगाबादचं विद्यापीठ नवं होतं आणि नव्या विद्यापीठाला काहीतरी नवं करून दाखवायची हौस असते. अर्थशास्त्र, इतिहास आणि मराठी या तीन विभागांनी मिळून एक एम.ए. चालवावं असं कुणाच्या तरी डोक्यातून निघालं. विषय ठरला ग्रामीण जीवन. वर्गही खेड्यांच्या जवळ भरवायचे, म्हणजे जालन्यात. तिन्ही विभागप्रमुखांनी सभेत माना डोलावल्या आणि लोढणं माझ्या गळ्यात बांधून आपापल्या घरी गेले.

वर्ग भरायचे जुन्या जालन्यात, जुगलकिशोर शेटच्या कापडाच्या ठोक दुकानावरच्या माडीत. खाली ठाण फाडल्याचा आवाज, वर आमचं शेतसाऱ्यावरचं व्याख्यान. शेट जिन्यात भेटला की हटकून विचारायचा, "काय भुजंगराव, खिचडी शिजून राह्यली का?" बाजारात आमच्या अभ्यासक्रमाचं नावच खिचडी एम.ए. पडलं होतं. मला राग यायचा, पण नाव चुकीचं आहे असं कोणत्या तोंडानं म्हणणार? आमच्या खिचडीत तांदूळ एका भांड्यात, डाळ दुसऱ्यात आणि मीठ तिसऱ्याच्या घरी.

अर्थशास्त्राचे अमृतलालजी इथल्याच एका अडत्याच्या घरातले. ज्या वाक्यात आकडा नाही ते वाक्य त्यांना दिसायचंच नाही. इतिहासाचे रामकिसनराव प्रत्येक गोष्टीला कागद मागायचे. कागद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही. आणि मराठीचे काकासाहेब, पुण्याकडून आलेले, अतिशय सज्जन. कुणाचं ह्रस्व-दीर्घ चुकलं की त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं. प्रबंधावर पहिली सही कुणाची यावरून या तिघांनी मला महिनाभर नाचवलं. शेवटी मी तिन्ही सह्या एका ओळीत शेजारी शेजारी घ्यायचं ठरवलं, तर डावीकडे कोण यावरून पुन्हा सुरू.

पहिल्या तुकडीतली पोरं एकेक करून गळाली. कुणाला शाळेत नोकरी लागली, कुणी वकिलीला गेलं. उरला एकटा फकरोद्दीन. टेंभुर्णीचा, जातीनं पिंजारी, म्हणजे कापूस पिंजणारा. बाप नव्हता. आई सरदारबी भावाच्या पडवीत राहून गाद्या-रजया भरून द्यायची. पोरगा उर्दूत शिकलेला, पण प्रबंध मराठीत लिहीन म्हणून हटून बसला होता. जालन्याच्या एका कॉलेजनं त्याला शब्द दिला होता की पास हो, जूनपासून अध्यापक म्हणून घेतो. मंग अम्माला मामाच्या दारातून उठवतो, असं तो मला वर्षभर सांगत आला होता. त्यासाठी त्यानं जुन्या जालन्यात एक खोली बघूनही ठेवली होती, खिडकीची. आईला उजेडात शिवता येईल म्हणून.

त्याचा विषय मला आवडला होता. जाफराबाद तालुक्यातली बेचिराग गावं. ज्याला हा शब्द माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. निजामाच्या अमलात महसूलवाले ज्या गावात कुणी राहत नाही त्याला बेचिराग म्हणायचे. चिराग म्हणजे दिवा. गावाला नाव आहे, शीव आहे, शेतं पिकतात, सारा वसूल होतो, फक्त संध्याकाळी दिवा लावायला माणूस नाही. शेजारच्या गावचे लोक येऊन कसतात आणि दिवस मावळायच्या आत आपल्या घरी जातात. अशी सात गावं फकरोद्दीननं पायी हिंडून पाहिली. एक गाव मानमोडीच्या साथीत उठलं होतं, एकाची विहीर आटली होती, एक दरोडेखोरांच्या भयानं ओस पडलं होतं. सगळं त्यानं म्हाताऱ्यांना विचारून नीट लिहिलं. फक्त सातव्या गावाशी, मांडणखेड्याशी, त्याची गाडी अडायची.

"गाव का उठलं ते लिही की," मी म्हणायचो.

"मालूम न्हाई सर."

"आणखी कुणाला तरी विचार."

"विचारलं. कुणी सांगून न्हाई राह्यलं."

तिथं त्यानं 'कारण उपलब्ध नाही' एवढंच लिहिलं. रामकिसनरावांना ते फार पसंत पडलं. याला म्हणतात संयम, असं म्हणाले.

प्रबंध पुरा झाला तेव्हा काकासाहेबांनी आपणहून तो शुद्धलेखनासाठी मागून घेतला. उर्दू शाळेतून आलेला मुलगा इतक्या जिद्दीनं मराठीत लिहितो म्हणून त्यांना त्याचं भारी कौतुक होतं. आठ-दहा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. लाल शाईनं पान न् पान सुधारलं, मग लेखनिकाकडून स्वच्छ प्रत करवून घेतली आणि छापखान्यात बांधायला टाकली. मी तेव्हा औरंगाबादला सह्यांच्या मागे वणवण करत होतो. बांधलेल्या प्रती छापखान्यातून परस्पर विद्यापीठात गेल्या.

मार्च महिना होता. महाराष्ट्र राज्य होणार हे नक्की झालं होतं, जो तो आनंदात होता. त्या आनंदात रामकिसनराव एक दिवस आमच्या माडीवर आले आणि माझ्यापुढे प्रबंधाची प्रत आपटली.

"हे काय आहे भुजंगराव?"

निळ्या कापडावर सोनेरी अक्षरं होती. 'जाफराबाद तालुक्यातील बेचिराख गावे'. खाली नाव, शेख फकरोद्दीन शेख इस्माईल.

एका अक्षराचा फरक, पण मराठीत बेचिराख म्हणजे जाळून पोळून राख केलेलं. पुण्याकडच्या माणसाला दुसरा शब्द माहीतच नव्हता. बेचिराग वाचून काकासाहेबांना वाटलं असणार की उर्दूवाल्या पोराचा उच्चार चुकला, आणि त्यांनी मोठ्या मायेनं पानोपानी तो नीट केला. पोलीस ॲक्शनला अजून बारा वर्षंही झाली नव्हती. त्याच्या आधी कुणी कुणाची गावं जाळली आणि नंतर कुणी कुणाची, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. रझाकारांनी जाळलेल्या गावांची निदान नावं तरी भाषणांत यायची. बाकीच्यांची तीही नाही. त्यात तालुक्यातली गावं जाळली असं एका मुसलमान पोरानं विद्यापीठाच्या नावानं सोनेरी अक्षरांत छापलं होतं.

"कुलगुरूंच्या कचेरीतून विचारणा झाली," रामकिसनराव म्हणाले. "नवं राज्य तोंडावर, आणि आपल्याला हे उकरायचंय का? निस्तरा. नाहीतर प्रबंध परत, पोरगा घरी, आणि तुमची खिचडीही बंद."

मी खो खो हसलो. हसू आलं ते सुटकेचं होतं. कारण चूक उघड होती आणि तिचा इलाजही सोपा होता. मी त्याच दिवशी काकासाहेबांकडे गेलो. त्यांना सांगितलं तर ते मटकन खालीच बसले. "मी त्या मुलाचा घात केला हो," म्हणाले. त्यांना धीर देता देता मला दुपार झाली. मग अमृतलालजींना समजावलं, मग पुन्हा रामकिसनरावांना. माझ्या सगळ्या कारकिर्दीत तिन्ही विभाग एवढ्या झटपट एका गोष्टीवर कधी आले नव्हते. ठरलं असं की तोंडी परीक्षेत फकरोद्दीननं आरंभीच उभं राहून सांगायचं, हा शब्द लेखनिकाच्या हातून चुकला, सर्वत्र बेचिराग असं वाचावं. तेवढं टिपून घेतलं की प्रकरण संपलं. काकासाहेबांचं नावही मध्ये यायला नको.

फकरोद्दीनला मी बोलावून घेतलं.

"मुखपृष्ठ पाहिलंस का तू?"

"पाहिलं होतं सर. छापखान्यात गेल्तो तवाच."

"तेव्हाच बोलायला तोंड नव्हतं का तुला? तिथंच थांबवलं असतं सगळं!"

तो खाली बघत म्हणाला, "काकासाहेबांनी येवढी मेहनत घेतली. वाटलं, राहू द्यावं."

मी कपाळावर हात मारला. भिडेपायी डोकं कापून देणारी जात ती, असं म्हणून त्याला चार शब्द सुनावले आणि परीक्षेत काय म्हणायचं ते घोकून घेतलं. "म्हणून दाखव," मी म्हणालो. त्यानं म्हणून दाखवलं. स्वच्छ, शुद्ध मराठीत. "बराबर?" मी विचारलं. "बराबर सर," तो म्हणाला.

परीक्षा आमच्या माडीवरच झाली. पुण्याहून एक वयस्कर परीक्षक आले होते, मऊ बोलणारे. जुगलकिशोर शेटनं आपणहून गाद्या-तक्के वर पाठवले, खाली गुमास्त्यांना आवाज न करण्याची ताकीद दिली. फकरोद्दीन इस्तरीचा पांढरा सदरा घालून आला होता. त्यानं उभं राहून ठरलेलं वाक्य म्हटलं. परीक्षकांनी ते टिपून घेतलं, मान हलवली. काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांचीच परीक्षा चालली होती. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग तासभर प्रश्न झाले. विहिरींचे, साऱ्याचे, पेरणीचे. पोरानं अशी काही उत्तरं दिली की अमृतलालजी सुद्धा दोनदा वाहवा म्हणाले. परीक्षक खूश होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे परीक्षा संपलीच होती. आणि मग उठता उठता, अगदी आपुलकीनं, त्यांनी विचारलं, "शब्दाची चूक आम्ही दुरुस्त केली. माझ्या टिपणात एक ओळ घालतो, म्हणजे पुढे कुणी तुम्हाला त्रास द्यायला नको. या सातांपैकी जळालेलं गाव एकही नाही. असंच ना?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. खाली चहा तयार होता.

फकरोद्दीन प्रबंधाच्या निळ्या मुखपृष्ठाकडे बघत होता. मला वाटलं प्रश्न ऐकू आला नाही. मी म्हणालो, "अरे, हो म्हण ना."

"सहा न्हाई जळाली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मांडणखेडा जळालं सर." इतका वेळ त्याची भाषा पुस्तकातली होती, ती एकदम सुटली. "तितं बेचिराखच पायजे. काकासाहेबांनी बराबर लिवलं. मी चुकीचं लिवलं होतं."

रामकिसनराव ताडकन म्हणाले, "याला आधार काय? कागद?"

"कागद न्हाई."

"मग साक्ष कुणाची?"

"माझीच हाय. आमचं गाव ते. मी आठवीत होतो. अम्मा मला घेऊन ज्वारीत लपली होती."

कुणी जाळलं ते कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. परीक्षकांनी चष्मा पुन्हा घातला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच दुःख झालेलं दिसत होतं. पण विद्यार्थ्यानं आपल्याच प्रबंधातली माहिती खोटी होती असं तोंडी परीक्षेत कबूल केलं, तर त्यांनी करायचं काय? मी फकरोद्दीनला हाताला धरून जिन्यात नेलं.

"कुणाला काय मिळालं रे यातून? एक हो म्हणायला तुझं काय जात होतं?"

"जात न्हवतं, म्हणूनच घाबरलो सर," तो म्हणाला. "पहिल्यांदा चूक म्हणालो तवा काईच वाटलं न्हाई. दुसऱ्यांदा म्हणलो असतो, तर मलाबी खरंच वाटलं असतं."

मी आत गेलो तेव्हा निकाल लिहून झाला होता. प्रबंध नापसंत. आकडेवारीचा नमुना सदोष, अमृतलालजी. पुराव्याचा अभाव, रामकिसनराव. काकासाहेबांनी काहीच लिहिलं नाही, पण सही केली. डावीकडे कोण हे या वेळी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं टेंभुर्णीच्या मोटारीत बसलो. तो म्हणाला होता, "अम्माला तुम्ही सांगा सर. माझ्याच्यानं होणार न्हाई." गावात पोचल्यावर तो मामाच्या अंगणातल्या लिंबाखाली थांबला आणि मी एकटा पडवीत गेलो.

सरदारबी रजईला टाके घालत बसली होती. केसांत, भुवयांत कापूस. मला बघून उठली, पदर सारखा केला, आणि माझ्या तोंडाकडे बघूनच तिला काय ते समजलं असावं.

"न्हाई झाला का पास?"

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, शब्दाचं, परीक्षकांच्या प्रश्नाचं, मांडणखेड्याचं. मला वाटलं ती रडेल. मनातून मला असंही वाटत होतं की ऐकून तिला कुठंतरी बरं वाटेल, लेकानं गावाचं नाव घेतलं म्हणून. मी ते बोलूनही दाखवलं. त्याला धीर झाला बघा, असं काहीतरी.

ती माझ्यावर अशी उखडली की मी एक पाऊल मागे सरकलो.

"कोनी सांगितलं होतं त्याला धीर करायला? आँ? त्याचा बाप तितंच ऱ्हायला, कापूस पिंजायची धनुकली काढायला घरात गेल्ता तो आलाच न्हाई. मी बोलले का कुनाला? बारा वर्सं झाली, ह्या भावाला न्हाई बोलले. लोकं इचारतात कुटल्या गावची, मी म्हनते टेंभुर्नीची. कशापायी गिळून बसले मी? ह्यो शिकावा म्हनून. याच्याकडं कुनी बोट दाखवू नये म्हनून. अन् यानं भरल्या सभेत वकून टाकलं!"

हातातली सुई तिनं रजईत खोचून ठेवली. मग एकदम खालच्या आवाजात, मालाचा भाव विचारावा तसं विचारलं, "सायेब, परत बसता येतं का?"

"येतं," मी म्हणालो. "दिवाळीच्या सुमाराला. प्रबंध थोडा दुरुस्त करून."

"अन् तवा काय म्हनावं लागतं?"

"हेच. सातही गावं आधीपासून ओस होती, जळालेलं एकही नाही."

"येवढंच?"

"एवढंच."

तिनं बाहेर बघून हाक मारली. "फकरू, आत ये."

तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. अंगात कालचाच पांढरा सदरा होता, आता चुरगळलेला.

"म्हन," ती म्हणाली. "मांडणखेडा जळालं न्हाई. सायबासमोर म्हन."

"अम्मा..."

"माझा घरवाला जळाला तितं, तरी मी म्हनते. जळालं न्हाई. मला जमतं अन् तुला जमत न्हाई? एवढं शिकवलं तुला, एवढं येत न्हाई? म्हन."

तिचा आवाज फाटला. आतून तिची भावजय डोकावली आणि पुन्हा आत गेली. मी म्हणणार होतो की राहू द्या, आजच काही घाई नाही. पण मी काही म्हणालो नाही. फकरोद्दीननं आईकडे पाहिलं, तिच्या केसांतल्या कापसाकडे पाहिलं. मग दोन्ही हात मागे बांधून, परीक्षेत उभा होता तसाच उभा राहून, स्वच्छ पुस्तकी मराठीत तो म्हणाला, "मांडणखेडा हे गाव जळालेले नाही."

सरदारबीनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"झाला का पास?"

मी म्हणालो, "हो."